अण्णांचा नटवलेला कॉम्प्युटर

दुकानात वर्षानुवर्षं काम केलं की माळ्यावर दोन गोष्टी साठतात, फुटका माल आणि किस्से. फुटका माल निदान कधीतरी भंगारवाला नेतो. किस्से कोण नेणार? परवा भाचीनं विचारलं, "आत्या, तुमच्या काळी कॉम्प्युटर होते का गं?"

होते का म्हणे! होता बाई, एकच होता, आणि तसा जगात दुसरा कुणाकडे नसेल. तिला सांगायला बसले आणि कपातली काप्पी गार झाली. आता तुम्हीही ऐका.

आमचं दुकान तंजावुरात, राजवीथीवर. वीणा, सोन्याचा वर्ख लावलेली देवांची चित्रं, मान डोलावणाऱ्या बाहुल्या, पितळी समया, असला सगळा माल. मालक राव अण्णा. आमच्यातलेच, म्हणजे भोसल्यांच्या राज्यात इकडे आलेल्या आणि परत जायचं विसरलेल्या मराठी लोकांतले. घरी मराठी, दुकानात तमिळ, आणि राग आला की इंग्लिश! मी सरोजा, गल्ल्यावर बसायचे. मागच्या खोलीत मुत्तु आसारी. वीणेवरची नक्षी, चित्रांवरचा वर्ख, सगळं त्यांच्या हातचं, आणि जिभेला धार त्यांच्या पटाशीहून जास्त.

आणि वत्सला. पापनाशमहून सकाळच्या बसनं यायची. बिलं टाईप कर, पार्सलांवर पत्ते लिही, गिऱ्हाइकांना वीणा दाखव, सगळं करायची. आणि सगळं करूनही टेंपररी!

अण्णांची युक्ती ऐका. दर पोंगलला, म्हणजे आमच्या संक्रांतीला, तिला एक दिवस कामावरून काढायचं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यायचं, म्हणजे पर्मनंट करायला नको. घेताना हातावर गुळाचा भात, तो गोड पोंगल, ठेवायचे, वर काजू लावून. "लग्नघरातून आल्यासारखं तोंड गोड करून ये," म्हणायचे. घरी म्हातारी आई, भाड्याची जागा, आणि ही पोरगी दरवर्षी एक दिवस बेकार. तो काजू तिच्या घशाखाली कसा उतरायचा, तिचं तिलाच ठाऊक. मी असते तर अण्णांच्या कपाळावर मारला असता.

*

कॉम्प्युटरच्या आधी समईचा किस्सा सांगायलाच हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

अण्णांच्या आजोबांनी दुकानाला एक नियम घालून दिला होता. वस्तूला किमतीची चिठ्ठी लागली की तो माल, आणि गिऱ्हाइकानं माल मागितला की द्यायचा. "विकायचं नाही" असं म्हटलं की लक्ष्मी पाठ फिरवते! चिठ्ठी म्हणजे जाड पुठ्ठ्याचा तुकडा, तांबड्या दोऱ्यानं बांधलेला, त्यावर अण्णांचं हिरव्या शाईतलं अक्षर.

एकदा वहिनींनी, अण्णांच्या बायकोनं, आपल्या माहेरची समई पॉलिशला म्हणून दुकानात पाठवली. घाईत तिलाही चिठ्ठी लागली. मुंबईचं एक जोडपं आलं, बाईंनी नेमकी तीच उचलली. मी म्हटलं, "अण्णा, ती वहिनींची!"

अण्णांनी डोळे मिटले. भिंतीवरच्या लक्ष्मीच्या फोटोकडे तोंड केलं आणि म्हणाले, "सरोजा, पॅक कर."

त्या दिवसापासून दिवाळीपर्यंत अण्णांच्या डब्यातल्या सांबाराला मीठ नव्हतं. अण्णा निमूटपणे खायचे. "नियम म्हणजे नियम," म्हणायचे आणि माझ्या डब्यातलं लोणचं मागायचे!

*

मग ते दिवस आले. दिल्लीत कुणीतरी दारं उघडली म्हणे, आणि वारं तंजावूरपर्यंत पोचलं. रंगीत टीव्ही, एस्टीडीचे पिवळे बूथ, गल्लीगल्लीत कॉम्प्युटर क्लास. समोरच्या पातळाच्या दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा अण्णांना आठवडाभर झोप नाही. शेवटी आमच्याकडेही आला, त्रिचीहून टेंपोत बसून.

अण्णांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, "वत्सला, तू तो संध्याकाळचा क्लास केलायस ना? ज्या दिवशी ह्याच्यावर पहिलं बिल निघेल, त्या दिवसापासून तू पर्मनंट!"

वत्सलेचे डोळे भरून आले. मी मनात म्हटलं, अण्णांना बरी बुद्धी झाली. कसली बुद्धी अन् कसलं काय!

आमच्याकडे नवीन गाडी आली की पूजा करून चाकाखाली लिंबं ठेवतात आणि गाडी त्यावरून नेतात. कॉम्प्युटरला चाकं कुठली? पण ज्या टेबलावर तो ठेवला होता त्याला होती! छोटी छोटी, चार. अण्णांनी चारी चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला आणि टेबल ढकललं. लिंबं टणक निघाली. टेबल एका अंगाला कललं, कॉम्प्युटर घसरला, बरोबर आलेल्या त्रिचीच्या इंजिनिअरनं झेप घालून पोटाशी धरला. मागची वायर तटकन निघाली आणि दुकानातले दिवे गेले.

अंधारातून अण्णांचा आवाज, "लिंबं फुटली का?"

इंजिनिअर कॉम्प्युटरला मिठी मारून बसलेला, म्हणाला, "सर, वॉरंटीत लिंबू येत नाही!"

*

दिवे आले तसे अण्णा त्याच्यासमोर हात मागे बांधून उभे राहिले. आमच्या दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूकडे ते असंच बघायचे. बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "ह्याला रूप नाही."

खरं सांगते, नव्हतंच! रंग कसा, तर काप्पीत पाणचट दूध ओतल्यासारखा. अण्णांनी मुत्तु आसारींना बोलावलं. आसारी पुढून बघून झाल्यावर सरळ मागे गेले आणि वायरींचं जंजाळ बघून कपाळाला हात लावला.

"कुणी केलाय हा? पाठ अर्धवट टाकून घरी गेलाय! देवळात जा, नंदीची पाठ बघा, जिथं कुणाची नजर पोचत नाही तिथंसुद्धा घंटांची माळ कोरलीय."

वत्सला आसारींना म्हणाली, "मामा, हे काम करायचं यंत्र आहे. शोभेचं नाही."

"का? वीणा काय शोभेची आहे?" अण्णा उसळले. "वाजवली तरी सुंदर, भिंतीवर टांगली तरी सुंदर. हा बंद असला की कसा दिसतो बघ! चूल विझलेल्या स्वयंपाकघरासारखा."

"म्हणून तो चालू ठेवायचा, अण्णा."

"आधी बघण्यासारखा तर होऊ दे!" अण्णा म्हणाले. आणि दुकान बंद होईपर्यंत कुणालाही बटण दाबू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी जुन्या रेशमी पट्टू साडीचा झगा शिवून पाठवला, जरीच्या काठाचा. समई गेली होती तरी बाईंना हौस. झगा टाचण्यांनी असा घट्ट बसवलेला की तो सोडवायचा म्हणजे नवरीचा शालू सोडवण्याइतकं काम. त्या खोलीत चपला घालून जायचं नाही, आत काप्पी न्यायची नाही. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला यायची. कुंभकोणमच्या एका वकिलांनी विचारलं, "करतो काय हा?"

अण्णा छाती फुगवून म्हणाले, "शोभतो!"

*

रोज दुपारी अण्णा डबा खाऊन घरी जायचे आणि चारपर्यंत झोपायचे. तेवढ्यात वत्सला टाचण्या काढून कॉम्प्युटर लावायची. चार वाजायच्या आत परत झगा चढवलेला! आसारी आतून बघायचे, पण कधी बोलले नाहीत. मी तर गल्ल्यावरून पहाराच द्यायचे.

एकदा मला म्हणाली, "सरोजाक्का, बघ हं." पडद्यावर आकड्यांच्या रांगा. तिनं वरच्या रांगेतला एक आकडा बदलला, आणि खालच्या सगळ्या बेरजा आपोआप बदलल्या. सरसर सरसर!

"अक्का, ह्याच्याइतकं सुंदर मी काही बघितलेलं नाही," ती म्हणाली.

मी आयुष्यभर बेरजा खोडून पुन्हा करणारी बाई. मी तिच्याकडून तो आकडा आणखी एकदा बदलून घेतला. सुंदरच होतं ते, खोटं कशाला बोलू?

धीर करून तिनं तो कागद अण्णांना छापूनसुद्धा दाखवला. ठिपक्याठिपक्यांची अक्षरं. अण्णांनी कागद लांब धरला, जवळ धरला. "अक्षर बघ कसलं! मुंग्या चालल्यात रांगेनं. आपल्या दुकानाचं बिल असं जाणार? छे छे! आधी ह्याचं अक्षर सुधारू दे."

"अण्णा, ते बिल नाही का धरायचं?"

"हा नमुना!" अण्णा म्हणाले. "बिल म्हणजे खरं गिऱ्हाईक, खरा माल, आणि खाली माझी सही."

आणि हिरव्या शाईचं पेन काढून स्वतः बिल लिहायला बसले. लबाड म्हणतात तो हाच.

*

नवरात्रात आमच्या दुकानात कोलू मांडतात. पायऱ्या पायऱ्या करून त्यावर बाहुल्या, दशावतार, वऱ्हाडाची वरात, वाणी आणि त्याचं दुकान. त्या वर्षी अण्णांनी सगळ्यात वरच्या पायरीवर कॉम्प्युटर बसवला! एका बाजूला लक्ष्मी, एका बाजूला सरस्वती, मध्ये हा, पट्टू नेसून.

हळदीकुंकवाला बायका आल्या, हरभऱ्याचं सुंडल खाल्लं, गाणी म्हटली. अण्णांना काय वाटलं कोण जाणे, झगा काढून त्यांनी वत्सलेला बटण दाबायला सांगितलं. काळा पडदा आणि कोपऱ्यात एक पांढरी रेघ, लुकलुक, लुकलुक. एवढंच! पुढं काय करायचं ते सांगू द्यायला अण्णा तयार नाहीत.

समोरच्या गल्लीतल्या रंगनायकी पाटी (आजीला आमच्याकडे पाटी म्हणतात), नव्वदीच्या, हात जोडून उभ्या. सून म्हणाली, "चला आता." पाटी हलेनात. "थांब गं, डोळा मिचकावतोय. माझ्याकडेच बघतोय!"

बऱ्याच वेळानं नमस्कार करून त्या वळल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "पण एक सांगते. इतक्या बाहुल्यांत हाच एक नागडा आहे. अंगावर गुंजभर सोनं नाही. बरं दिसत नाही हो!"

अण्णांचा चेहरा पडला. अख्ख्या तंजावुरात सोनं मढवून विकणारा माणूस, आणि त्याच्या घरचा नागडा!

आयुधपूजेच्या दिवशी हत्यारं पूजेला ठेवतात, ती वापरायची नसतात. अण्णांनी कॉम्प्युटरला चंदन-कुंकू लावून बजावलं, "विजयादशमीपर्यंत कुणी हात लावायचा नाही हं!"

वत्सला म्हणाली, "अण्णा, ह्याची तर वर्षभर आयुधपूजाच चाललीय."

मी पदरात तोंड लपवलं. अण्णांनी ऐकलं नाही असं दाखवलं. पण आसारींना ठसका लागला तो लागलाच.

*

पाटींचं बोलणं अण्णांना लागलं होतं. दसरा झाल्याबरोबर हुकूम निघाला, "आसारी, ह्याला मढवा."

आसारींनी आधी आढेवेढे घेतले, मग असे रंगले की विचारू नका! चिंचोक्याची खळ आणि खडूची पूड कालवून त्याची नक्षी उठवली. पडद्याभोवती महिरप, महिरपीवर दोन मोर, वर सोन्याचा वर्ख, त्यात लाल-हिरवे खडे. खालच्या पेटीला वीणेला असतं तसं याळीचं, त्या देवळातल्या सिंहमुखी प्राण्याचं, तोंड बसवलं, फ्लॉपी त्याच्या जबड्यात घालायची! कीबोर्डवर सगळ्यात मोठं बटण कुठलं विचारलं आणि त्यावर सगळ्यात मोठा माणिक रंगाचा खडा चिकटवला. वत्सलेनं पहिल्यांदा एंटर दाबलं आणि बोटातून रक्त! एक प्रिंटर तेवढा सुटला. आसारी म्हणाले, "ते शिलाई मशीन आहे, त्याला मी हात लावणार नाही."

आणि पाठ! पाठीवर त्यांनी अख्खा कमळांचा तलाव उठवला. काम पुरं केल्याचं समाधान तोंडावर मावत नव्हतं.

सर्व्हिसिंगला त्रिचीचा तोच इंजिनिअर आला. दारातच थबकला. त्यानं चपला काढल्या, हो, खरंच काढल्या! मग पाठीमागं जाऊन किंचाळला, "हवेची भोकं कुठं गेली? हा श्वास कुठून घेणार?"

आसारी शांतपणे म्हणाले, "देवाच्या चौकटीला भोकं पाडलेली तू कुठं बघितलीस?"

"सर, हा जळेल!"

तासभर वाद झाला. शेवटी आसारींनी एकेका कमळाच्या मधोमध बारीक भोक पाडलं आणि वर इंजिनिअरलाच ऐकवलं, "तुमच्या कंपनीला सांगा. भोकं पाडायचीच तर अशी पाडावीत."

इंजिनिअरनं जाताना फोटो काढून नेला. कंपनीत दाखवायला की डॉक्टरला, ते बोलला नाही.

*

थंडीतला मार्गळी महिना लागला. दारापुढं रांगोळीचे मोठमोठे कोलम, आणि परदेशातली आपली माणसं कचेरी, म्हणजे गाण्याची मैफल, ऐकायला येतात ते हेच दिवस. दुकानात गर्दी. पण वत्सला बोटांवर दिवस मोजायची. पोंगल जवळ आला होता.

एका दुपारी झगा चढवताना म्हणाली, "अक्का, आई विचारते, ह्या वर्षी पण तो एक दिवस घरी बसायचं का? काय सांगू? आमच्या दुकानातला कॉम्प्युटर फार सुंदर आहे, म्हणून मी टेंपररी आहे, असं?"

एवढा राग आला होता अण्णांचा, की त्यांना दोन दिवस लोणचं दिलं नाही.

त्याच आठवड्यात एक पाहुणे आले. आमच्यातल्याच घराण्यातले, पण कॉलेज संपल्याबरोबर अमेरिकेला गेलेले. तिकडे त्यांची स्वतःची कॉम्प्युटरची कंपनी! बायकोसाठी वीणा बघायला आले होते. अण्णांनी वीणा दाखवल्या, चित्रं दाखवली, आणि मग न राहवून आतल्या खोलीत नेलं. अण्णांनी स्वतःच्या हातानं झगा काढला.

पाहुणे बघतच राहिले. महिरप, मोर, याळी. मागं जाऊन कमळं बघितली, वाकून बघितली. "राव मामा," ते हळूच म्हणाले, "माझ्या ऑफिसात टेबलाटेबलावर कॉम्प्युटर आहे. त्यातला एकसुद्धा कुणी दोनदा बघत नाही. हा... हा ब्यूटिफुल आहे!"

अण्णांचे डोळे ओले झाले. इतक्या दिवसांत हे म्हणणारा पहिला माणूस, आणि तोसुद्धा कॉम्प्युटरवाला! "आसारी, ऐकलंत? वत्सला, ऐकलंस? यंत्र यंत्र म्हणत होतीस!"

"ऐकलं, अण्णा," वत्सला म्हणाली.

"मग हा मी घेतो," पाहुणे म्हणाले. "ऑफिसच्या दारात ठेवतो."

अण्णा हसले. "छे हो, हा विकायचा..."

आणि थांबले. कारण पाहुण्यांच्या हातात चिठ्ठी होती. एका मोराच्या मानेला बांधलेली. जाड पुठ्ठा, तांबडा दोरा.

अण्णांनी चिठ्ठी हातात घेतली. हिरवी शाई नव्हती. ठिपक्याठिपक्यांचे आकडे, रांगेनं चाललेल्या मुंग्यांसारखे. किंमत अशी, की तेवढ्यात साधे, न मढवलेले दोन कॉम्प्युटर आले असते.

"ही... ही कुणी लावली?"

आसारी छताकडे बघत होते. वत्सला एका बाहुलीची मान पुसत होती. मी तांबड्या दोऱ्याचं रीळ हळूच खणात सरकवलं.

"किंमत ठीक आहे, मला मान्य," पाहुणे म्हणाले. "का, काही अडचण आहे?"

अण्णांनी भिंतीवरच्या लक्ष्मीकडे बघितलं. लक्ष्मी अण्णांकडे बघत होती. अण्णांनी डोळे मिटले.

"सरोजा... पॅक कर."

"जरा थांबा," पाहुणे म्हणाले, "चालतो का हो हा? नसला चालत तरी हरकत नाही, सहज विचारलं."

"चालवून दाखवते," वत्सला म्हणाली.

ती खुर्ची ओढून बसली. बटण दाबलं. पांढरी रेघ लुकलुकायला लागली. तिनं पाहुण्यांचं नाव विचारलं, पत्ता विचारला, आणि बोटं अशी चालायला लागली की अण्णा तोंड उघडून बघत राहिले. माणिकाचा खडा वाचवून, करंगळीच्या टोकानं एंटर. ते शिलाई मशीन कर्कश ओरडत सुरू झालं. बाहेरची गिऱ्हाइकं दारात येऊन उभी राहिली. कागद निघाला, कडेच्या भोकांच्या पट्ट्या तिनं नीट फाडल्या. मशीन थांबलं नाही. आणखी एक कागद निघाला. त्याच्याही पट्ट्या तिनं नीट फाडल्या.

वरच्या कागदावर एक कॉम्प्युटर, सोन्याच्या वर्खासह, आणि खाली किंमत. खालच्या कागदावर वत्सलेचं नाव, आणि त्याखाली एकच ओळ, आजपासून पर्मनंट.

तिनं दोन्ही कागद अण्णांच्या पुढ्यात ठेवले आणि हिरव्या शाईचं पेन उघडून त्यांच्या हातात दिलं.

"अण्णा, सह्या दोन लागतील."